मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा पुन्हा पुन्हा चुरचुरतो? थेंब बदलण्याआधी पापणीची कड तपासून घ्या

"माझं ऑपरेशन बिघडलंय, तुम्ही कुणी मला सांगत नाही एवढंच." आई हे म्हणाली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा आठवडे झाले होते. तपासणीला गेलं की सगळं छान असायचं. भिंग जागेवर, डोळ्याचा दाब ठीक, तक्त्यावरच्या बारीक ओळीसुद्धा ती वाचायची. घरी मात्र सकाळी उठताच डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, दुपारी गाडीवर मागे बसली की घळाघळा पाणी यायचं, आणि रात्री पोथी उघडली की चार ओळींत अक्षरं पुसट व्हायची. थेंब घातले की तासभर बरं वाटायचं. आठवडाभर नेमाने घातले की त्रास इतका कमी व्हायचा की ती थेंब बंद करायची, आणि दहा दिवसांत सगळं परत.

डिसेंबर ते मे आम्ही याच फेऱ्यात अडकलो होतो. ज्यांच्या घरी आज हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, आईची औषधं आणि तपासण्या सांभाळणारी मुलगी आहे. पण पुढचं सगळं डॉक्टरांना विचारून, न कळलं तर पुन्हा विचारून समजून घेतलेलं आहे.

आधी धोक्याचं वेगळं काढा

साधा कोरडेपणा सहसा डोळा घालवत नाही, पण कोरडेपणासारख्या वाटणाऱ्या काही गोष्टी घालवू शकतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोळा आतून ठणकू लागला, लाली कमी होण्याऐवजी वाढू लागली, नजर कालच्यापेक्षा आज कमी वाटली किंवा पू येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. आतला जंतुसंसर्ग असेल तर तासांचा हिशेब असतो. डोळ्यापुढे विजेसारखं चमकणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं ही दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची, लक्षणं आहेत, त्यातही त्याच दिवशी जायचं. महिना-दीड महिन्यानंतर नेमका मधला भाग धूसर झाला किंवा दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज असू शकते. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सगळीकडे सारखंच धुकं दाटलं, तर बहुधा भिंगामागचं आवरण गढूळ झालेलं असतं. ते काही मिनिटांच्या लेझरने मोकळं करता येतं. यांपैकी कशालाच कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरे पडत नाहीत.

हे सगळं तपासून "नाही" असं उत्तर आलं असेल, तरच पुढे वाचा.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी

आईला मी कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगितली आणि पापणी न लवता बघत राहायला सांगितलं. पहिले काही क्षण आकडे स्वच्छ, मग कडा पसरल्यासारख्या. पापणी लवली की पुन्हा स्वच्छ. असं दिसणं पापणी लवण्याबरोबर बदलत असेल, तर संशय डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरावर जातो. भिंगाचा किंवा पडद्याचा दोष पापणी लवल्याने असा जात-येत नाही. आम्ही तीन महिने चष्म्याचा नंबर बदलून बघत होतो. ही चाचणी आधी माहीत असती तर ते पैसे तरी वाचले असते.

त्रासाची वेळही लिहून ठेवा. सकाळी उठताना सगळ्यात जास्त खुपत असेल, पापण्या चिकटत असतील, कडेला बारीक चिपडं किंवा कोंड्यासारखे पापुद्रे असतील, तर बहुतेक वेळा मूळ पापणीत असतं. दिवस चढेल तसं वाढत जाऊन संध्याकाळी टोकाला जात असेल, तर कोरडेपणाकडे बोट जातं. आईचं दोन्हीकडे होतं, पण सकाळ जास्त वाईट असायची.

पाणी येतंय तर डोळा कोरडा कसा?

आईचा हा प्रश्न आणि मलाही तो बरोबरच वाटायचा. अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नसतं. डोळ्याला लागून चिकट श्लेष्माचा थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. हे तेल येतं पापणीच्या आतल्या ग्रंथींतून. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०, अशा त्या उभ्या ओळीत बसलेल्या असतात आणि त्यांची तोंडं केसांच्या रांगेच्या जरा मागे, पापणीच्या कडेवर उघडतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी लवताना ग्रंथी दाबल्या जातात आणि थोडं थोडं तेल डोळ्यावर पसरतं. त्या तेलामुळे पाणी लगेच उडून जात नाही.

वय वाढलं की हे तेल घट्ट होऊ लागतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी गोठते आणि आपण ती उन्हात ठेवतो, तसंच. तेल बाहेर येत नाही, पाणी उडतं, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडून झोंबतो, आणि झोंबलं की मेंदू अश्रुग्रंथीला पाण्याचा लोट सोडायला लावतो. तो लोट गालावर ओघळतो, पण तेल नसल्याने डोळ्यावर टिकत नाही. म्हणून डोळा गळतोही आणि कोरडाही असतो.

शेवटी आम्ही फक्त या एका तक्रारीसाठी वेगळी वेळ घेऊन डॉक्टरांकडे गेलो. हा सल्ला मी सगळ्यांना देते. ऑपरेशननंतरच्या ठरलेल्या तपासणीत भिंग, दाब आणि नजर बघायची असते, पापणीपर्यंत पोहोचायला वेळ उरत नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवली. ती १२ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसं होतं. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात मोजलं, तर अश्रूंचा थर चार सेकंदांत फाटत होता. दहाच्या आत फाटला तर तो अस्थिर समजतात. आणि मग त्यांनी खालची पापणी हलकेच दाबली. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं. आईच्या पापणीतून टूथपेस्टसारखी पांढरी बारीक वळी आली, तीही दोन-तीन ठिकाणांहूनच. बाकीच्या जागी काहीच नाही.

"काकू, तुमचं भिंग अगदी व्यवस्थित बसलंय. तुमच्या पापण्या आजारी आहेत," डॉक्टर म्हणाले. आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वाक्याने उतरला. पाच महिने तिला वाटत होतं की डोळा हातचा गेला.

मग ऑपरेशननंतरच का सुरू झालं?

खरं तर सुरू आधीच झालेलं असतं, फक्त जाणवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १३६ रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ७७ टक्के डोळ्यांत कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक चकतीवर, रंग धरणारे ओरखडे सापडले, आणि ६३ टक्के डोळ्यांत अश्रूंचा थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता. पण डोळ्यात काहीतरी खुपत राहतं असं वरचेवर जाणवणारे फक्त १३ टक्के होते. आईचंही तसंच असणार. दोन वर्षांपूर्वी तिला लागोपाठ दोन रांजणवाड्या झाल्या होत्या. ती खूण आम्ही ओळखली नाही.

त्यात ऑपरेशनची भर पडते. कॉर्नियात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्यांच्याच निरोपावर पापणी लवते, अश्रू सुटतात. फेको पद्धतीत, म्हणजे मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात त्या ऑपरेशनमध्ये, दोन-तीन मिलिमीटरचा छेद जातो, त्यात त्यातले काही तंतू कापले जातात आणि पुन्हा वाढायला महिने लागतात. तोवर निरोप मंद. जंतू मारायला डोळ्यात घातलेलं आयोडीनचं द्रावण, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, सूक्ष्मदर्शकाचा प्रखर उजेड, हे सगळं पृष्ठभागाला बोचतं. आयोडीनबद्दल मात्र तक्रार करू नका, आतल्या संसर्गापासून तेच वाचवतं. मग चार ते सहा आठवडे दिवसातून अनेकदा थेंब, आणि पुष्कळ बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्याचं द्रव्य असतं. नाजूक पृष्ठभागाला ते सतत लागलं तर त्यानेच चुरचुर वाढते. शेवटचं कारण आमच्या घरचंच. डोळ्याला पाणी लावू नका असं सांगितलं होतं, आईने त्या भीतीने अडीच महिने पापण्या पुसल्यासुद्धा नव्हत्या.

नुसता ऑपरेशनमुळे आलेला कोरडेपणा पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांत तीनेक महिन्यांत उतरतो. तेवढा धीर धरावा. तीन महिन्यांनंतरही येत-जात राहत असेल, तर पापणी बघितलीच पाहिजे.

आम्ही केलेल्या चुका

थेंब बदलत राहिलो. तीन कंपन्यांचे थेंब झाले, पण पाणी पुरेसं असलेल्या डोळ्यात आम्ही पाणीच ओतत होतो.

ऑपरेशननंतरची उरलेली स्टेरॉइडची बाटली आईने गुपचूप पुन्हा वापरली, कारण त्या थेंबांनी "एका दिवसात थंड वाटतं". वाटणारच, स्टेरॉइड सूज मारतं. पण डोळ्याचा दाब त्याने न कळत वाढू शकतो आणि काचबिंदू होऊ शकतो. ती बाटली मी तिच्यासमोर कचऱ्यात टाकली. औषधांच्या दुकानातून आणलेले लाली घालवणारे थेंबही तसेच, ते बंद केले की लाली दुप्पट होते.

मावशीने घरी केलेलं काजळ आणलं, शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी, कुणी मध घालायला सांगितला. सगळ्यांची माया खरी, पण यातलं काहीही निर्जंतुक नसतं आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात ते घालणं धोक्याचं आहे. काजळ तर नेमकं त्या ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

माशाच्या तेलाच्या गोळ्याही चार महिने घेतल्या. २०१८ मध्ये ५३५ जणांवर वर्षभर केलेल्या मोठ्या चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणारे यांच्यात कोरडेपणाच्या त्रासात लक्षणीय फरक दिसला नाही. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आम्ही थांबवल्या.

शेक: इथेच सगळे चुकतात

पहिली अट, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय शेकही नाही आणि मालिशही नाही. छेद भरायला हवा. आम्हाला परवानगी सहज मिळाली कारण पाच महिने झाले होते.

दुसरं म्हणजे तापमान आणि वेळ. घट्ट तेल विरघळायला पापणीला साधारण ४० अंशांची ऊब पाच ते दहा मिनिटं सलग मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिनिट-दीड मिनिटात थंड होतो. आई तो दहा मिनिटं ठेवून बसायची, म्हणजे नऊ मिनिटं थंड कापड. मग मी मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये गरम पाणी भरून दोन छोटे नॅपकिन घेतले. एक डोळ्यांवर, दुसरा थर्मासमध्ये, दर मिनिटाला बदलायचा. पिळल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, अंघोळीच्या सुखद पाण्याइतकाच गरम हवा. तव्यावर तापवलेला रुमाल नको. म्हाताऱ्या माणसांच्या पापणीची कातडी फार पातळ असते, चटका बसल्याचं उशिरा कळतं.

शेक संपला की लगेच मालिश, कारण तेल पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागत नाही. साबणाने हात धुवून, डोळे मिटून, वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने हलकेच सरकवायचं. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही, दुखलं तर ते चुकतंय. मग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा पापण्या पुसायच्या तयार पट्ट्यांनी केसांच्या मुळाशी कड पुसून घ्यायची. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

सुरुवातीला दिवसातून दोनदा केलं. पहिल्या दहा दिवसांत काहीच फरक नव्हता आणि आईने सोडून द्यायचं ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळचं खुपणं कमी झालं.

औषधं

थेंब बंद झाले नाहीत, बदलले. टिकवण्याचं द्रव्य नसलेले, एकेका वापराच्या कुपीतले सोडियम हायल्युरोनेटचे, दिवसातून चारदा. महाग पडतात. ज्यांना दिवसातून दोन-तीनदाच थेंब लागतात त्यांना साधी बाटलीही चालते असं डॉक्टर म्हणाले. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं, आणि मलम नेहमी शेवटी.

पापणीतली सूज उतरायला आईला डॉक्सिसायक्लिन कमी मात्रेत काही आठवडे दिलं. ते प्रतिजैविक असलं तरी इथे त्याचा उपयोग सूज कमी करायला आणि तेलाचा पोत सुधारायला होतो. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि दुधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांबरोबर घ्यायचं नाही. आई ते रात्री हळदीच्या दुधासोबत घेत होती, हे मला आठवड्याने कळलं. हे मनाने विकत घ्यायचं औषध नाही. काहींना सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे पुष्कळ जण पंधरा दिवसांत सोडतात.

तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्या वेळी रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, कारण मूळ शरीरात दुसरीकडे असू शकतं.

तरीही परत का येतं

एवढं करूनही मे महिन्यात पुन्हा भडका उडाला. तेव्हा मी वही केली. तारीख, त्रास किती, त्या दिवशी काय वेगळं झालं. पंधरा दिवसांत वहीने चार गोष्टी दाखवल्या.

आम्ही नागपूरचे. उन्हाळ्यात कूलरशिवाय रात्र निघत नाही, आणि कूलरचा झोत थेट आईच्या पलंगावर होता. हवा ओली असली तरी वारा डोळ्यावर आदळत राहिला की अश्रू उडतातच. पलंगाची दिशा बदलली. एवढ्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही एका थेंबाने पडला नव्हता.

दुसरी गोष्ट, शिंकांसाठी ती रोज रात्री ॲलर्जीची गोळी घ्यायची. अशा गोळ्यांनी डोळे आणि तोंड कोरडं पडू शकतं. झोपेच्या, नैराश्याच्या, लघवीवरच्या ताब्याच्या काही औषधांचंही तसंच आहे. फिजिशियनना विचारून गोळी फक्त गरजेच्या दिवशी ठेवली.

तिसरी, माझ्या मुलाने सहज सांगितलं, "आजी डोळे थोडे उघडे ठेवून झोपते." खरंच, पापण्यांमध्ये फट राहत होती. रात्री झोपताना मलम सुरू झालं आणि सकाळचं उरलेलं खुपणं गेलं. घरच्यांनी एकदा रात्री टॉर्च न लावता, मंद उजेडात बघावं.

चौथी आणि सगळ्यात मोठी, बरं वाटलं की शेक बंद. हा दोष कायमचा जात नाही, मधुमेहासारखा सांभाळावा लागतो. दिवसातून दोनदाचा शेक एकदावर आणता येतो, शून्यावर नाही. मोबाइलवर कीर्तन बघताना पापणी अर्धीच लवते हेही वहीतूनच लक्षात आलं. आता प्रत्येक अभंगानंतर ती डोळे पूर्ण मिटून दोन श्वास थांबते.

दुसऱ्या डोळ्याच्या आधी

डावा डोळा आम्ही मुद्दाम पुढे ढकलला. अश्रूंचा थर फाटका असेल तर कॉर्नियाच्या वक्रतेचं माप चुकू शकतं आणि त्यावरूनच भिंगाचा नंबर ठरतो. आईच्या डाव्या डोळ्याची दोन दिवसांतली दोन मापं जुळत नव्हती. सहा आठवडे रोज शेक आणि थेंब केल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा जुळली. त्यानंतरच तारीख घेतली. ऑपरेशनच्या आधी मी तीन गोष्टी विचारल्या: टिकवण्याचं द्रव्य नसलेली औषधं कोणती देता येतील, कृत्रिम अश्रू पहिल्या दिवसापासून चालतील का, आणि पापण्या कधीपासून पुसायच्या, शेक कधीपासून. तिन्हींची उत्तरं चिठ्ठीवर लिहून घेतली. तोंडी उत्तरं त्या गडबडीत लक्षात राहत नाहीत.

या डोळ्यालाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चुरचुर झाली. पण ती दोन महिन्यांत उतरली, आणि या वेळी ऑपरेशन बिघडल्याचं आईच्या मनात आलं नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाहून परतल्यावर उजवा डोळा पुन्हा खुपू लागला. आईने स्वतःच वही उघडली, पाच दिवस शेक नाही, रात्रीचं मलम बॅगेतच राहिलं, आणि परतीच्या गाडीत खिडकीची जागा, असं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं, आणि मला हाक मारली, "अगं, थर्मास भर."